मळणी आटोपली की खांदेरीला

भंडाऱ्याकडच्या दिघोरीच्या माणसाला पाणी नवं नाही. मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, शेताशेतात बोड्या आहेत, तालुक्यातून चुलबंद वाहते, कडेने वैनगंगा. ढिवरांचा डोंगा आपण लहानपणापासून पाहतो. पण हे पाणी श्रावणात चढतं आणि मे महिन्यात तळ दाखवतं. दिवसातून दोनदा चढून दोनदा उतरणाऱ्या पाण्याशी आपला संबंध येत नाही, आणि जलदुर्गाची सहल ठरवताना आपण नेमकं तेच विसरतो. रेल्वेचं आरक्षण होतं, लॉज ठरतो, जेवणाचा डबा ठरतो. किनाऱ्यावर पोहोचल्यावर मात्र नाखवा, म्हणजे होडी चालवणारा, सांगतो, "आता पाणी नाही, दुपारी या." नऊशे किलोमीटर तुडवून गेलेली मंडळी मग किनाऱ्यावर उसाचा रस पीत बसतात.

हा लेख अलिबागजवळच्या खांदेरी किल्ल्यावर होडीने कसं जावं याबद्दल आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमधल्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात खांदेरी आहे. तेव्हापासून आपल्याकडेही लोक विचारू लागले, की हा खांदेरी कुठला? रायगड, शिवनेरी, प्रतापगड सगळ्यांना ठाऊक. सिंधुदुर्ग मालवणला जाऊन आलेल्यांनी पाहिलेला. खांदेरी मात्र अलिबागकरांनीसुद्धा लांबूनच पाहिलेला असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. समुद्रातली लढाई कशी होते हे एका फेरीत समजून घ्यायचं असेल, तर महाराष्ट्रात खांदेरीसारखी जागा नाही. सिंधुदुर्ग भव्य आहे, जंजिरा देखणा आहे. पण खांदेरीच्या होडीत बसलं की सगळी रणभूमी डोळ्यांसमोर येते: मागे थळचा किनारा, वाटेत उंदेरीचं बेट, पुढे खांदेरी आणि उत्तरेला मुंबई. फक्त जाण्याआधी थोडा इतिहास आणि थोडं पाणी समजून घ्यायला हवं.

लढाई कशी झाली, ते आधी

जंजिऱ्याचा सिद्दी हा शिवाजी महाराजांचा समुद्रावरचा जुना वैरी. पावसाळ्यात त्याचं आरमार मुंबईच्या बंदरात आसऱ्याला यायचं आणि तिथून समोरच्या मराठी मुलखात लुटालूट करायचं. मुंबईचे इंग्रज कधी नाइलाजाने, कधी सोयीने त्याला आसरा द्यायचे. जंजिरा आणि मुंबई यांच्या मधोमध आपली पाचर असावी, म्हणजे सिद्दीची वाट अडेल आणि मुंबईवरही नजर राहील, या हिशेबाने महाराजांचं लक्ष खांदेरीवर होतं. १६७२ मध्ये बेटावर तटबंदी घालायचा एक प्रयत्न झाला होता. तो इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधामुळे अर्धवट राहिला.

१६७९ च्या पावसाळ्याअखेर महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि बांधकाम सुरू झालं. इंग्रजांनी निरोप पाठवला की हे बेट आमचं, निघून जा. मायनाकने उत्तर दिलं की हुकूम आल्याशिवाय हलणार नाही. सप्टेंबरमध्ये थॉर्प नावाचा इंग्रज अधिकारी बेटावर उतरायचं नाहक धाडस करून बसला आणि मारला गेला. मग इंग्रजांनी जास्त जहाजं पाठवून बेटाला वेढा घातला. 'रिव्हेंज' हे त्यातलं मोठं जहाज. या मोहिमेत कॅप्टन मिंचिन आणि कॅप्टन केग्विन हे दोघं प्रमुख होते.

१८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे दौलतखानाच्या हाताखालचं मराठी आरमार किनाऱ्याच्या बाजूने अचानक इंग्रजांवर चालून आलं. 'डव्ह' नावाची इंग्रजांची गुराब (शिडाचं लढाऊ जहाज) मराठ्यांच्या हाती लागली, तिच्यावरची माणसं कैद झाली. इंग्रजांची बाकीची लहान गलबतं मागे सरली. 'रिव्हेंज'ने मात्र तोफांच्या जोरावर झुंज दिली आणि मराठी ताफ्याला माघार घ्यायला लावली. म्हणजे त्या दिवशी कोण जिंकलं, हे इंग्रजांच्या कागदांत वाचलं तर इंग्रज, आणि नंतर काय घडलं ते पाहिलं तर मराठे. कारण वेढा तसाच राहिला तरी बेटावर रसद जायची थांबली नाही. इंग्रजांची जहाजं खोल पाण्याची. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ती शिरू शकत नव्हती आणि वारा पडला की जागेवर खिळायची. मराठ्यांच्या होड्या हलक्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या, कमी पाण्यात तरंगणाऱ्या. रात्री अंधारात त्या थळच्या बाजूने निघायच्या आणि जहाजांच्या मधून धान्य, दारूगोळा, माणसं बेटावर पोचवून उजाडायच्या आत परतायच्या. मुंबईकर इंग्रजांची पत्रं याच तक्रारीने भरलेली आहेत. 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' या १९३१ साली पुण्यात छापलेल्या संग्रहात ती वाचायला मिळतात. ज्यांना सवड आहे त्यांनी जाण्यापूर्वी चाळावीत.

नोव्हेंबरमध्ये सिद्दी कासिमचं आरमार इंग्रजांच्या मदतीला आलं. त्याने खांदेरीवर तोफा डागल्या, पण बेट काही पडलं नाही. मग सिद्दीने वेगळीच चाल केली. जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारची उंदेरी ताब्यात घेऊन तिथे तटबंदी घातली. दौलतखानाने उंदेरीवर हल्ला केला, त्यात तो जखमी झाला, बेट मात्र मिळालं नाही. इंग्रजांनी तोवर खर्चाला कंटाळून महाराजांशी तह केला आणि काढता पाय घेतला. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. खांदेरी मराठ्यांची, उंदेरी सिद्दीची, आणि दोघांच्या मध्ये होडीने काही मिनिटांचं पाणी, अशी ती विचित्र शेजारवस्ती पुढे कित्येक वर्षं टिकली. आंग्र्यांच्या काळात, १७१८ मध्ये, इंग्रजांनी खांदेरीवर पुन्हा आरमार आणलं आणि हात हलवत परत गेले.

एवढं डोक्यात असलं की पुढची फेरी वेगळी होते.

कधी जायचं

समुद्राचा आणि आपल्या धानाचा हंगाम योगायोगाने छान जुळतो. जून ते ऑगस्ट कोकणात प्रवासी होड्यांना बंदीच असते, गेटवे-मांडवा लाँचही बंद असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समुद्र अजून पुरता निवळलेला नसतो, आणि तेव्हा आपल्याकडे हलकं धान कापणीला आलेलं असतं. नोव्हेंबर संपता संपता भारी धानाची कापणी, मग मळणी. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, उन्हाळी धानाची रोवणी लागायच्या आत, आपल्याला जी पंधरा-वीस दिवसांची मोकळीक मिळते, तेव्हाच कोकणचा समुद्र वर्षातला सगळ्यात शांत असतो. हवा कोरडी, दूरचं स्पष्ट दिसतं. मार्चनंतर दुपारचा वारा वाढतो आणि होडी उसळायला लागते. २५ डिसेंबर ते १ जानेवारी एवढे दिवस मात्र टाळा. तेव्हा सगळी मुंबई अलिबागला लोटलेली असते. लॉजचे दर दुप्पट सांगतात आणि होडीवाल्याला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.

महिना ठरला की तिथी ठरवा. हा या लेखातला सगळ्यात उपयोगाचा भाग समजा. भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढा. कोकणातले कोळी भरतीचा जो हिशेब करतात तो सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणं तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, रात्रीही आणि दुपारीही. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब एकच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, आणि मोबाइलवर भरती-ओहोटीचा नेमका तक्ता मिळतोच. पण दिघोरीत बसून महिनाभर आधी तारीख ठरवायला हे गणित पुरेसं आहे.

थळच्या किनाऱ्याला पाणी उथळ. ओहोटीला होड्या वाळूवर टेकलेल्या असतात. तेव्हा सकाळी भरतीच्या जोडीने निघायचं आणि पाणी फार उतरायच्या आत परतायचं, असा बेत हवा. अष्टमी-नवमीला ऐन दुपारी पाणी उतरलेलं असतं, म्हणून त्या तिथी सोडा. पौर्णिमा, अमावास्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. पाणी चढतं खूप आणि त्याची ओढही जास्त. सोबत लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर द्वादशी-त्रयोदशी बघा. आठच्या आत निघालात तर भरती नऊ-पावणेदहाला. बेटावर दीड-दोन तास मिळतात.

आणि नाखवा म्हणाला "आज नको", तर नाही जायचं. कॅलेंडर, तक्ता, मोबाइल सगळं बाजूला. म्हणून सहलीत एक दिवस हातचा ठेवा. लांबून आलेल्या माणसाच्या गळ्यात "आज नाही तर कधीच नाही" अशी गाठ असते, आणि तीच त्याला नको त्या होडीत बसवते.

जायचं कसं

दिघोरीहून साकोली किंवा लाखनीमार्गे भंडारा, तिथून वरठी. गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्स्प्रेस वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर थांबते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते. स्टेशनवरून टॅक्सीने गेटवे ऑफ इंडिया जवळच. गेटवेहून मांडव्याला लाँच जाते, तासाभराचा प्रवास. मांडव्याहून अलिबागची बस बहुतेक लाँचच्या तिकिटातच धरलेली असते, ती खिडकीवर विचारून घ्या. स्वतःची गाडी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, गाडीसकट नेते.

रस्त्यानेही पनवेल-पेणमार्गे अलिबागला जाता येतं आणि एसटीत महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. तरी एकदा तरी लाँचनेच जा. कारण त्या तासाभरात तुम्ही मुंबई बंदराच्या तोंडातून बाहेर पडता, आणि खांदेरीवर नजर ठेवून बसलेला इंग्रज इतका का अस्वस्थ झाला असेल, हे अंतर पाहूनच कळतं.

मुक्काम अलिबागला करा. थळ तिथून उत्तरेला पाच-सहा किलोमीटर, रिक्षा मिळतात. पोहोचलात त्याच संध्याकाळी थळच्या किनाऱ्यावर चक्कर मारा. दोन्ही बेटं समोर दिसतात. जवळचं, सपाट, तटाने वेढलेलं ते उंदेरी. त्याच्या पलीकडे, दोन टेकड्या असलेलं आणि एका टेकडीवर दीपगृह असलेलं ते खांदेरी. होडीचं बोलणं त्याच संध्याकाळी करा. युरियाच्या पोत्यांमुळे आपल्याला माहीत असलेल्या राष्ट्रीय केमिकल्सचा मोठा कारखाना याच थळला आहे. त्याच्या धुराड्यांच्या पायथ्याशी सतराव्या शतकातली रणभूमी आहे, याची किनाऱ्यावर कुठेही जाणीव होत नाही.

होडी ठरवताना

खांदेरीला जंजिऱ्यासारखी दर अर्ध्या तासाला सुटणारी फेरी नसते. दहा-पंधरा जणांचा गट करून पूर्ण होडी ठरवावी लागते. भाव करताना जाणं, येणं आणि बेटावर थांबणं तिन्ही त्यात आहे ना, हे स्पष्ट विचारा. अर्धे पैसे आधी, अर्धे परत किनाऱ्याला लागल्यावर. बेट मुंबई बंदर प्राधिकरणाच्या ताब्यातलं आणि दीपगृह सरकारी, म्हणून उतरण्याच्या परवानगीबद्दल अलिबागमध्ये बंदर खात्याच्या कार्यालयात आधीच चौकशी करा. ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात हवं.

भावापेक्षा महत्त्वाची गोष्ट परवाना. मासे मारायची होडी आणि प्रवासी न्यायची होडी दिसायला सारखी असली तरी कायद्याने वेगळी. प्रवासी होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो, आणि किती माणसं बसवायची तो आकडा होडीवर लिहिलेला असतो. तो वाचा. बारा लिहिलं असेल तर बारा. तेरावा भाचा असला तरी दुसऱ्या फेरीत. हे बोलायला अवघड जातं, कारण आपल्याकडे जीपमध्ये बारा माणसं बसवायची सवय. पण जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव उलटली, ती बातमी आपण विसरलेलो नाही. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, बोट बुडाली, दहाहून जास्त माणसं गेली. ज्यांनी लाइफ जॅकेट घातलेलं नव्हतं अशांची संख्या त्या बोटीवर मोठी होती.

लाइफ जॅकेट होडीत असणं आणि अंगावर असणं यात फरक आहे. बऱ्याच ठिकाणी ती बाकाखाली कोंबलेली असतात, माणसं त्यांच्यावर बसतात. निघण्याआधी प्रत्येकाला घालायला लावा. पुढचे दोन्ही पट्टे लावून खेचून बघा: खांद्याजवळ धरून वर ओढलं आणि जॅकेट कानापर्यंत आलं, तर ते सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही. लहान मापाची आहेत का, हे आदल्या संध्याकाळीच विचारा. नसतील तर पोरांना नेऊ नका, मग कितीही रडोत. साडी नेसणाऱ्या बायकांनी त्या दिवशी पंजाबी ड्रेस घातलेला बरा. होडीत चढता-उतरताना पदर आणि निऱ्या अडकतात.

होडीत बसल्यावर

आपल्यापैकी बऱ्याच जणांना बोट लागते. आधी कधी बसलेलो नसतो म्हणून कळलेलं नसतं, एवढंच. रिकाम्या पोटी नको आणि मिसळ-वडे हाणूनही नको. पोहे, केळं, चहा पुरे. गाडी लागते त्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून अर्धा-एक तास आधी घ्या. होडीच्या मध्यावर किंवा मागच्या बाजूला बसा. पुढच्या टोकाला उसळी जास्त. मळमळलं तर मोबाइल खाली ठेवून लांब क्षितिजाकडे बघत राहा. ओकारी आलीच तर वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूने. हे शहाणपण एकदाच्या अनुभवाने येतं, पण शेजारच्याच्या खर्चाने.

थळहून निघाल्यावर आधी उंदेरी लागते. ती ओलांडून पुढे गेलात, दोन्ही बेटांच्या मधोमध आलात, की नाखव्याला थोडा वेळ मशीन बंद करायला सांगा. समुद्र शांत असेल तर तो ऐकतो. मशीनचा आवाज थांबला की होडी एका बाजूला झुकू लागते, आणि मग लक्षात येतं की ती आपोआप सरकतेय. उंदेरीच्या तटावरचा एखादा झुडपाचा ठिपका धरून ठेवा. मिनिटभरात तो पुढे-मागे झालेला असतो. वारा नाही, वल्हं नाही, नुसती भरतीची ओढ. इंग्रजांचं जड जहाज इथे वाऱ्याविना उभं आहे आणि शंभर पावलांवरून वल्ही मारत होडी अंधारात निघून जातेय, हे तेव्हा डोळ्यांसमोर आणा. जानेवारीत सिद्दी उंदेरीवर बसल्यावर तर मागे त्याच्या तोफा आणि पुढे मराठ्यांच्या. मला विचाराल तर खांदेरीच्या फेरीतली ही पाच मिनिटं किल्ल्यावरच्या दोन तासांपेक्षा जास्त मोलाची. इतिहासाचा मास्तर सोबत असेल तर त्याने इथेच बोलावं. बेटावर पोचल्यावर कोणी ऐकत नाही, सगळे फोटो काढत सुटतात.

उतरताना घाई करू नका. होडी धक्क्याला लागली तरी लाटेसोबत वर-खाली होत असते. ती वर आली की नाखवा हात देतो, तेव्हाच पाऊल टाकायचं. तो "थांबा" म्हणाला की उचललेलं पाऊल परत घ्यायचं. दगडांवर शेवाळ असतं आणि कालवांच्या शिंपांची धार ब्लेडसारखी लागते. चपला नकोत, घट्ट बूट घाला. हात टेकायचा तर कोरड्या जागी.

बेटावर

खांदेरीवर हॉटेल नाही, दुकान नाही. माणशी दोन लिटर पाणी, थोडं सुकं खाणं, टोपी. स्वच्छतागृहाची सोय किनाऱ्यावरच आटोपून निघा. कचरा परत आणायची पिशवी गटात एकाने सांभाळावी.

तटावरून फिरताना बाहेरच्या बाजूला तोंड करून चाला. आतलं बांधकाम बरंचसं गेलेलं आहे, पण बुरुजावर उभं राहिलं की कुठल्या बुरुजाचं लक्ष कुठल्या पाण्यावर होतं ते समजतं. पूर्वेकडचा बुरूज उंदेरीकडे, उत्तरेकडचा मुंबईच्या वाटेवर. गाड्यावर बसवलेल्या तोफा इथे पाहायला मिळतात. बाकीच्या किल्ल्यांवर तोफा बहुधा जमिनीवर लोळत पडलेल्या असतात, इथे चाकांसकट गाडा दिसतो. तोफेवर पोरांना बसवून फोटो काढू नका. लोखंड खारट हवेत आधीच झिजतंय.

१८६७ साली बांधलेलं दीपगृह टेकडीवर आहे. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे बेट असं नाव दिलं गेलं, त्यामुळे सरकारी कागदांत आणि नकाशांत ते नाव दिसलं तर गोंधळू नका. कोळ्यांचं वेताळाचं देऊळ इथे आहे आणि त्यांची त्यावर गाढ श्रद्धा आहे. चपला बाहेर काढा, आणि तिथे मोठ्याने थट्टा-मस्करी नको. ज्याच्या होडीतून आलात त्याचाच तो देव आहे. जवळच एक दगड आहे, त्यावर खडा आपटला की भांड्यासारखा खणखणीत आवाज येतो. प्रत्येकाला वाजवून बघायचा मोह होतो. गटाच्या वतीने एकाने एकदा वाजवावा, बाकीच्यांनी ऐकावा. वीस जणांनी वीस वेळा ठोकायची गरज नाही.

गाइड कसा पारखायचा

खांदेरीवर गाइड उभा नसतो. अलिबाग-पेणकडची किल्ल्यांवर फिरणारी मंडळी कधी कधी गट घेऊन येतात, त्यांच्यासोबत जमलं तर उत्तम. नाहीतर आपल्यातल्याच एकाने महिनाभर आधी वाचून तयारी करावी. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक शिकवणारा एखादा गुरुजी किंवा बाई गावात असतेच.

जंजिऱ्याला गेलात तर राजपुरीच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या शिडाच्या होडीत आणि किल्ल्यात गाइड भेटतात. कलालबांगडी तोफेसमोर ते जे सांगतात त्यात रंग भरपूर. ऐकायला हरकत नाही. मात्र समुद्राखालून किनाऱ्यापर्यंत भुयार आहे असं कोणी सांगू लागला, तर त्याला एवढंच विचारा की सिद्दीने वेढ्यात रसद त्यातूनच का नाही आणली. खांदेरीबद्दल पारख करायची तर तीन गोष्टी विचाराव्यात: १६७२ चा पहिला प्रयत्न त्याला माहीत आहे का, उंदेरी कुणाकडे होती, आणि 'डव्ह' पकडली त्याच दिवशी 'रिव्हेंज'ने मराठ्यांना मागे रेटलं, हे तो सांगतो की गाळतो. आपल्या बाजूची माघार न लपवणारा गाइड मिळाला, तर बाकीचंही तो खरं सांगत असण्याची शक्यता जास्त.

खांदेरी सगळ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. गुडघे दुखणारे, हृदयविकाराचे, पाण्याची फार भीती असणारे यांनी जंजिरा किंवा सिंधुदुर्ग निवडावा. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाची होडी थोड्या वेळात पोचते, वाट रुळलेली आहे. १६६४ मध्ये काम सुरू करून तीन वर्षांत उभा राहिलेला तो किल्ला आणि आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून कोणी निराश होत नाही. आणि होडीच नको असेल, तर अलिबागचा कुलाबा किल्ला पूर्ण ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. वरचा तिथीचा हिशेब तिथेही चालतो, फक्त उलटा. भरतीऐवजी ओहोटीची वेळ धरायची, आणि पाणी परत फिरायच्या आत निघायचं.

शेवटी शाळांच्या मुख्याध्यापकांना एक विनंती. जानेवारीत एसटीच्या सहली निघतात, मुलांना सवलत मिळते, आणि युनेस्कोनंतर आता खांदेरीचं नाव सहलीच्या यादीत येऊ लागेल. सातवीच्या खालची मुलं नेऊ नका. एका होडीत एक शिक्षक आणि पोहता येणारा एक मोठा माणूस असावा. पालकांच्या संमतीपत्रासोबत होडीच्या परवान्याची प्रत आणि लहान मापाच्या लाइफ जॅकेटचा आकडा फाइलला लावा. हे कागद हातात नसतील, तर बस थळला न नेता कुलाब्याच्या वाळूवर न्या, ओहोटीच्या वेळेला.